काळजाचा तुकडा

आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझे यकृत दोनदा काढले. एकदा कागदावर आणि त्यानंतर पाच महिन्यांनी पोटातून. कागदावर काढले तेव्हा २०२४ सालचा फेब्रुवारी चालू होता. चेपलेल्या करंजीसारखा एक आकार त्यांनी रेखाटला, त्यात उजवीकडे तीन टिंबे दिली आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "काका, आतड्यातला आजार इथे आला आहे." आतड्याची गाठ १४ महिन्यांपूर्वीच काढून झाली होती. मी मेलो नाही म्हणजे बरा झालो, असा माझा सोयीस्कर समज होता.

घरी येताना सौ. एक शब्द बोलली नाही. वाईच्या पुलावर गाडी आली तेव्हा एवढेच म्हणाली, "तुमच्या अण्णांना हेच झालं होतं ना?"

तिला उत्तर हवे होते असे नाही. तिला ठाऊक होते. या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे, यकृताच्या इतिहासात नाही. परंतु ३३ वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला कोणत्याही प्रश्नाकडे सरळ रस्त्याने जाता येत नाही. तो आधी दोन-चार हजार वर्षे मागे जाणार. वाचकांनी तेवढे सहन करावे.

आपल्या भाषेचीच गंमत पाहा. आपण काळीज म्हणतो ते हृदय समजून. काळीज धडधडते, काळजाला घरे पडतात, आईला मूल म्हणजे काळजाचा तुकडा. पण मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागा. दुकानदार तुम्हांला हृदय देणार नाही, तो यकृतच तोलील. हिंदीतला कलेजा हा या काळजाचा सख्खा भाऊ. यकृत, फारसीतून आलेला जिगर आणि लॅटिनमधला येकुर हे तिघे तर एकाच कुळातले. काळजी हा शब्दही याच घरातला असावा असे मला वाटते. निदान त्या फेब्रुवारीपासून तरी त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

सुश्रुताने रक्ताचे मूळ यकृत आणि प्लीहा यांत सांगितले. इकडे रोमच्या गॅलेननेही रक्त यकृतात तयार होते असेच मानले, आणि युरोप ते दीड हजार वर्षे मानत राहिला. बाबिलोनचे पुरोहित मेंढीच्या यकृतावरून राज्याचे भविष्य सांगत. त्यांच्या शिष्यांसाठी केलेला मातीचा यकृताचा नमुना ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मग १६२८ साली हार्वेने रक्ताभिसरणाचा शोध प्रसिद्ध केला आणि यकृताची गादी हृदयाकडे गेली. डेन्मार्कच्या बार्थोलिनने तर १६५३ साली यकृताचा चक्क मृत्युलेख लिहिला. पदच्युत राजाची थट्टा करायला दरबारी माणसे किती उतावीळ असतात, याचा हा आणखी एक पुरावा.

शस्त्रवैद्यांना मात्र यकृताची थट्टा परवडत नव्हती. त्यांना त्याची भीती होती. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त ज्यातून जाते असा तो दीड किलोचा मऊ गोळा. टाका घालावा तर दोरा लोण्यातून जावा तसा कापत जातो. १८८८ साली बर्लिनमध्ये लांगेनबुखने एका स्त्रीच्या यकृताचा डावीकडचा भाग कापून काढला. त्या काळच्या बायका कंबर बारीक दिसावी म्हणून जे कॉर्सेट करकचून आवळत, त्याने यकृताचा तो भाग चेपून लोंबू लागला होता. शस्त्रक्रिया झाली आणि काही तासांत आत रक्तस्राव सुरू झाला. पोट पुन्हा उघडावे लागले. बाई वाचली. ठरवून केलेली यकृताची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून तिचीच नोंद केली जाते.

त्यानंतर २० वर्षांनी ग्लासगोच्या हॉगार्थ प्रिंगलने एक साधी युक्ती छापून प्रसिद्ध केली. यकृताला येणारी धमनी आणि आतड्यांकडून येणारी मोठी पोर्टल शीर या दोन्ही एकाच पदरातून आत शिरतात. तो पदर अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरला की रक्त थांबते. १९०८ सालच्या त्या निबंधातले त्याने शस्त्रक्रिया केलेले रुग्ण जगले नाहीत. जगले ते प्रयोगाचे ससे. तरीही त्याने ते लिहिले आणि छापायला दिले. माझ्यावरील शस्त्रक्रियेत ही चिमटी तीन वेळा, दर वेळी १५ मिनिटे लावण्यात आली, हे मला नंतरच्या कागदांवरून कळले. हरलेल्या लढाईची बखर इतक्या प्रामाणिकपणे लिहिणारे इतिहासात फार भेटत नाहीत.

यापेक्षाही मला आवडला तो जेम्स कँटली. हा स्कॉटिश डॉक्टर हाँगकाँगला होता. तिथल्या वैद्यकीय विद्यालयात त्याच्या हाताखाली सुन यत-सेन शिकला, आणि पुढे १८९६ साली लंडनच्या चिनी वकिलातीने सुन यत-सेनला डांबून ठेवले तेव्हा त्याला सोडवण्यासाठी धावपळ करणारा हाच कँटली. चीनच्या राज्यक्रांतीचा धडा शिकवताना मी हे नाव कित्येकदा फळ्यावर लिहिले असेल. ते माझ्या पोटापर्यंत येईल अशी कल्पना नव्हती. पुढच्याच वर्षी, १८९७ साली, त्याने सांगितले की यकृताची खरी वाटणी बाहेरून दिसते तिथे नाही. वरून एक पडद्यासारखा पट्टा दिसतो आणि त्यावरून शरीरशास्त्रज्ञ डावे-उजवे ठरवीत. कँटली म्हणाला, खरी रेषा पित्ताशयापासून मागच्या महाशिरेकडे जाते, कारण दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा तिथे वेगळा होतो. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. बांध कुठे घातला आहे याला महत्त्व नाही; पाणी कोणत्या पाटाचे येते त्यावर रान कोणाचे ते ठरते.

हे पाट शेवटपर्यंत मोजले ते पॅरिसच्या क्लोद क्विनो याने. मृतांच्या यकृतातील नळ्यांत तो प्लास्टिकचा रस भरी, भोवतालचे मांस आम्लाने विरघळवी, आणि हाती एक रंगीत झाड येई. अशी शंभरावर झाडे पाहून त्याने १९५७ सालच्या ग्रंथात यकृताचे आठ भाग मांडले. त्याआधीच, १९४९ साली क्योतो येथे होंजोने आणि १९५२ साली पॅरिसमध्ये लॉर्ता-जाकोबने, यकृताचा सबंध उजवा भाग रेषेबरहुकूम काढला होता. हनोईत तोन थात तुंग हा व्हिएतनामी डॉक्टर १९३०च्या दशकापासून यकृते उलगडीत बसला होता. फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात तो रानात गेला, परत आला, आणि १९६३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध झाली. यकृताचा मऊ गर बोटांनी चिरडीत जायचे, चिवट रक्तवाहिन्या बोटांना आपोआप लागतात, तेवढ्या बांधायच्या. सगळे काही मिनिटांत. भाकरीच्या पिठातले खडे बोटांनी शोधणाऱ्या बाईला ही पद्धत चटकन कळेल.

आता अण्णांकडे येतो.

१९७१ सालच्या श्रावणात माझ्या वडिलांचे पोट उघडण्यात आले. मी तेव्हा १५ वर्षांचा होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एक सर्जन होते. त्यांचा हात चांगला म्हणून लौकिक होता. अण्णांना आत नेले आणि तासाभरात बाहेर आणले. सर्जन व्हरांड्यात आले, मामांना बाजूला घेऊन म्हणाले, "यकृतभर पसरलं आहे. मी पुन्हा शिवून टाकलं. घरी न्या, आवडेल ते खायला घाला." ते मी खांबाआडून ऐकले. आईला आणि अण्णांना मात्र गाठ काढली असे सांगण्यात आले, आणि ते खोटे तीन आठवडे मी घरात वावरवले. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा गेले.

त्या सर्जननी फीचे निम्मे पैसे परत केले होते. मामांनी ते भलेपणाचे लक्षण मानले. मी मानले नाही. चोराच्या मनात चांदणे, असे मी ठरवून टाकले. उघडले होते तर काढले का नाही? हात कापला असता का? पुढे पन्नास वर्षे त्या रस्त्याने जाताना मी त्या दवाखान्याच्या पाटीकडे पाहिले नाही. दवाखाना बंद झाला, त्या जागी कापडाचे दुकान आले, तरीही पाहिले नाही.

आणि २०२४ साली त्याच आजारासाठी, त्याच अवयवाची शस्त्रक्रिया होऊ शकते, असे एक तरुण बाई मला निवांतपणे सांगत होत्या. माझा राग उलट वाढला. क्विनोचा ग्रंथ अण्णांच्या आधी १४ वर्षे छापलेला होता! तुंगचा लेख आठ वर्षे आधीचा! मग इथे का नाही? मी डॉक्टरीणबाईंना हे सारे सांगितले. कदाचित जरा मोठ्याने. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, त्या दिवशी त्यांच्या जागी मी असते तर मीही शिवूनच टाकलं असतं. तुम्ही इतिहासाचे सर आहात ना? मग तारखा नीट लावून पाहा."

विद्यार्थ्याने मास्तरला सुनवावे तसे ते झाले. पण मी तारखा लावल्या. अण्णांची पोटदुखी कशाची आहे हे पोट उघडल्यावाचून कळण्याचा मार्ग नव्हता. ज्या यंत्रातून माझी तीन टिंबे दिसली त्या सी.टी. यंत्राने माणसाचे पहिले चित्र घेतले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनजवळ, अण्णा गेल्यानंतर महिन्याभराने, आणि तेही फक्त मेंदूचे. माझ्या गाठी आधी ज्या औषधाने आवळल्या गेल्या ते ऑक्सॅलिप्लॅटिन नागोयाच्या किदानींनी तयार केले १९७६ साली. न काढता येणाऱ्या गाठी औषधाने लहान करून मग काढता येतात, हे बिस्म्यूत आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिसजवळच्या व्हिलझ्वीफमधून दाखवले १९९६ साली. ३३० रुग्णांपैकी ५३ जण अशा रीतीने शस्त्रक्रियेला आले. आणि अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांतसुद्धा १९७०च्या दशकात यकृताचा मोठा भाग काढलेल्या पाच रुग्णांपैकी सुमारे एक शस्त्रक्रियेनेच दगावत असे. अतिदक्षता विभाग नसलेल्या जिल्ह्याच्या गावी हे प्रमाण काय झाले असते ते सांगायला नको. शिवाय अण्णांचे यकृतभर होते. माझ्या तीन गाठी, त्याही एकाच बाजूला. अण्णा आज असते तरी त्यांच्या यकृताला कोणी सुरी लावली असती असे मला वाटत नाही.

तारखा लागल्या, पण ५३ वर्षांचा राग तारखांनी लगेच जात नाही. तो माझ्याबरोबर केमोच्या खुर्चीत बसला.

मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी औषध, असे सहा वेळा. या औषधाने गारव्याचे वैर येते. माठातल्या पाण्याचा पेला हाती घेतला की बोटांना विंचू डसावा. ऐन वैशाखात मी कोमट पाणी पीत होतो. औषधाने यकृतही दुखावते. निळसर पडते, म्हणून शेवटच्या मात्रेनंतर त्याला काही आठवडे विसावा द्यावा लागतो. तेवढ्यात मोजणी झाली. उजवा भाग काढला तर माझ्याकडे डावा उरणार फक्त २४ टक्के. निरोगी यकृताला ते कसेबसे चालते. केमो झालेल्याला ३० तरी हवे.

यावरचा उपाय ऐकून मी थक्क झालो. उजवीकडे जाणारी पोर्टल शिरेची फांदी आतून बुजवून टाकायची. शेतात दारे धरणारा एका वाफ्याचे तोंड मातीने बंद करतो आणि सगळे पाणी दुसऱ्या वाफ्यात लोटतो, तसे रक्त डावीकडे वळते आणि डावा भाग वाढू लागतो. जपानच्या माकूउची यांनी १९८०च्या दशकात हे रूढ केले. यकृत वाढते हे मात्र आधीच ठाऊक होते. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली उंदरांचे दोन-तृतीयांश यकृत काढून ते काही आठवड्यांत भरून येते हे दाखवले होते. याबाबतीत प्रॉमिथियसचे उदाहरण देण्याची पद्धत आहे. गरुडाने दिवसा यकृत खावे आणि रात्री ते पुन्हा उगवावे. म्हणजे ग्रीकांना हे ठाऊक होते म्हणे. मला ते पटत नाही. शाप संपू नये म्हणून गोष्टीला तेवढी सोय हवी होती, इतकेच. आणि कापलेला तुकडा पुन्हा उगवतच नाही. उरलेला भाग फुगून त्याचे काम अंगावर घेतो. एकत्र कुटुंबात थोरला भाऊ गेल्यावर धाकटा रुंद होतो तसा.

जूनच्या मध्यावर फांदी बुजवली आणि महिनाभर थांबायचे ठरले. सर्व प्रकरणात कठीण काळ कोणता, असे मला पुष्कळांनी विचारले. हा महिना. औषध बंद, सुरी अजून दूर, आणि आत डावा भाग वाढतो आहे की गाठी वाढताहेत, हे कळायला मार्ग नाही. रात्री मी उजव्या कुशीवर हात ठेवून पडे. सौ. म्हणे, "अहो, हात लावून का कळणार आहे?" मग तीही हात ठेवी.

दिवसा मात्र तयारी. प्लास्टिकच्या डबीत तीन चेंडू असतात. नळीने श्वास ओढून ते वर चढवायचे आणि धरून ठेवायचे. पहिल्या दिवशी माझा एकच चेंडू उठला. शेवटच्या आठवड्यात तिन्ही. दररोज पहाटे चालणे. आधी गणपतीच्या घाटापर्यंत, मग हळूहळू मेणवलीपर्यंत, नानांच्या वाड्याला वळसा घालून परत. अंडी, डाळ, पनीर. ज्या बाईने जन्मात स्वयंपाकघरात अंडे येऊ दिले नाही, तिने ती मोजून उकडली. जुलैच्या मध्यावर पुन्हा मोजले: डावा भाग ३७ टक्के. गाठी होत्या तेवढ्याच.

आषाढी होऊन आठवडा झाला आणि पुण्यातल्या एका रुग्णालयात मला आत नेले. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, हा आपल्याकडचा जुना दंडक. तो आता मोडला आहे. कोपनहेगनच्या केलेटने १९९०च्या दशकात शस्त्रक्रियेभोवतीच्या अशा पुष्कळ रूढी तपासून पाहिल्या आणि बऱ्याच निरुपयोगी ठरवल्या. पहाटे मला गोड सरबत देण्यात आले. सौ.ला ते शेवटपर्यंत संशयास्पद वाटले. भूलतज्ज्ञ सांगून गेले की यकृत कापून होईपर्यंत शिरांतला दाब मुद्दाम कमी ठेवणार, म्हणजे रक्त कमी जाते. साडेपाच तास लागले. रक्ताची एकही पिशवी लागली नाही.

जाग आली तेव्हा उजवा खांदा दुखत होता. पोट कापले आणि खांदा का दुखतो? यकृताच्या वरच्या पडद्याच्या आणि खांद्याच्या तारा मानेत एकाच ठिकाणी पोचतात. मेंदूची फसगत होते. दुसऱ्या दिवशी दोन परिचारिकांनी मला उभे केले. चार पावले चाललो. मेणवलीच्या कोणत्याही फेरीपेक्षा ती लांब होती. भूक मेली. वरणभाताचा वास नकोसा झाला. रात्री घामाने चादर भिजे. रोज रक्त तपासत आणि त्यात फॉस्फेट घसरले म्हणून डॉक्टरीणबाई खूश झाल्या! नव्या पेशी घडवायला ते लागते. ते कमी होणे म्हणजे आत काम सुरू असणे.

पाचव्या दिवसाचे महत्त्व मला आधी कोणी सांगितले नव्हते. पॅरिसच्या डॉक्टरांनी २००५ साली पाहून ठेवले की त्या दिवशी कावीळ फार चढलेली असेल आणि रक्त गोठण्याची शक्ती निम्म्याखाली गेलेली असेल, तर रुग्णाचे कठीण असते. आपल्याकडे पाचव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. सौ.ने माझ्या उशाशी कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली होती. मला वाटले, मी काही लिहीन म्हणून. सकाळी कावीळ उतरणीला लागल्याचे कळले तेव्हा तिने तो कागद मुकाट्याने घडी घालून पिशवीत टाकला, आणि मग मला उमगले.

कुशीतल्या नळीतून हिरवट पित्त मात्र येत राहिले. असे होते, आपोआप मिटते, म्हणून सांगण्यात आले. अकराव्या दिवशी नळी निघाली. घरी आल्यावर सहा आठवडे वजन उचलायचे नाही. थकवा असा की आंघोळ केली की झोपायचे. पुढे गौरी-गणपतीनंतर आणखी सहा मात्रा औषधाच्या, आणि दिवाळीच्या तोंडावर सी.टी. त्या चित्रात माझे यकृत ओळखू येईना. डावा भाग उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेत सरकून बसला होता; आकार वेडावाकडा, भरीवपणा जवळजवळ पूर्वीइतका. त्याला आता एक वर्ष होऊन गेले. दर तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी चित्र. आतापर्यंत टिंब नाही. पुढचे चित्र कार्तिकात आहे.

यंदाच्या पितृपक्षात अण्णांच्या तिथीला मी तर्पणाला बसलो. आपले पितर झाल्यावर गुरू, मित्र, आप्त यांचीही नावे घेता येतात. मी गुरुजींना म्हटले, आणखी एक नाव घ्यायचे आहे. ते थांबले. मी त्या सर्जनचे नाव सांगितले.

"गोत्र?" गुरुजींनी विचारले.

मला ठाऊक नव्हते.

"ठाऊक नसेल तर काश्यप म्हणा," ते म्हणाले, आणि माझ्या ओंजळीत तीळ घातले.